मंत्राने पीक दुप्पट होतं, मग दुष्काळ कसा?

आजच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या जादुई जगात पात्रं होऊन खेळायच्या खेळाच्या सेशनमध्ये लढाई झालीच नाही. आमचा गट एका दुष्काळी गावात पोहोचला आणि ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "इथे लोक उपाशी आहेतच कसे?"

प्रश्न अगदी रास्त. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत 'प्लांट ग्रोथ' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र 8 तास घालून केला, की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर दुप्पट पीक देते. मग धान्याचे भाव पडणार. कोठारं कुणाच्या ताब्यात? ड्रुइड आधी कुणाच्या शेतावर जाणार? जमीनदार तिला अडवून ठेवतील का? आम्ही यातच रमलो, आणि मला ते फार आवडलं. (2004 साली आलेलं, याच खेळातलं एबेरॉनचं जग मला म्हणूनच प्रिय आहे. तिथे किरकोळ जादू हा लोकांचा रोजचा धंदा आहे.)

ड्रॅगन उडतो यावर माझा चटकन विश्वास बसतो. पण अशा जगातल्या उपासमारीचं कारण मला हवंच असतं. आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलंय. माझा संशय धान्याच्या व्यापाऱ्यांवर आहे. ड्रुइडांना त्यांनीच हुसकावलं असणार.