आमची वाटचाल : 80 पैकी किती?

बारामतीच्या विमानतळाजवळ विमानांच्या देखभालीसाठी आम्ही भाड्याचा गाळा घेतला तेव्हा तीन माणसे, एक एअर कॉम्प्रेसर आणि दोन गेजांचा एक कॉम्प्रेशन टेस्टर (सिलिंडर हवेचा दाब किती धरतो ते मोजणारे उपकरण) एवढेच आमचे भांडवल होते. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता हाती येईपर्यंत दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेच्या हाताखाली आम्ही प्रशिक्षणाच्या सेसना विमानांची दर 100 तासांची तपासणी करत असू.

मोटारीच्या गॅरेजमध्ये स्टार्टर फिरवून कॉम्प्रेशन बघतात; आमची पद्धत निराळी आहे. गरम इंजिनाचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणून बारीक छिद्रातून 80 पीएसआय (दर चौरस इंचाला 80 पौंड) दाबाची हवा सोडायची आणि सिलिंडर त्यातला किती दाब धरून ठेवतो ते दुसऱ्या गेजवर वाचायचे. सेसना 172 च्या पाच इंचांहून किंचित मोठ्या सिलिंडरमध्ये तो दाब पिस्टनवर सुमारे 750 किलोचा भार टाकतो आणि प्रोपेलर झटक्याने फिरू शकतो, म्हणून प्रोपेलर धरणाऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय हवा सोडायची नाही, हा नियम नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या सूचनेप्रमाणे सगळे सिलिंडर 70 च्या वर आणि जवळपास सारखे असतील तर चिंता नसते. 60 च्या खाली गेलेला सिलिंडर उतरवण्याचा विचार करावा लागतो. दुसऱ्या वर्षी एका सिलिंडरचे वाचन 54 आले, एक्झॉस्ट पाइपातून फुसफुस ऐकू आली आणि आम्ही घाईने तो उतरवला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धडधाकट होता. त्याच्या आणि तो ज्यावर घट्ट बसतो त्या सीटच्या मध्ये काजळीचा एक पापुद्रा अडकला होता. रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्हवर फायबरच्या दांड्याने हलकेच ठोकले असते, किंवा इंजिन चालवून गरमच पुन्हा तपासले असते, तर तो बहुधा निघून गेला असता. विमान 11 दिवस जमिनीवर राहिले आणि मजुरीचे बिल लावायला आम्हाला तोंड नव्हते.

त्यानंतर आलेल्या पहिल्या पैशांतून बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडर न उतरवता आत बघण्याची दुर्बीण, घेतला. पुढे 72 दाखवणाऱ्या एका सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा रंग एकाच बाजूला वेगळा दिसला. आकडा चांगला असताना सिलिंडर का उतरवता, म्हणून विमानाच्या मालकांनी बराच वाद घातला, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही घातला असता. पण व्हॉल्व्ह हातात आला तेव्हा त्या बाजूची कड जळून पातळ झालेली होती.

हवा कार्ब्युरेटरकडे फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि ऑइल भरण्याच्या तोंडाशी फुसफुसली तर पिस्टन रिंग, हे रबरी नळी कानाला लावून ओळखायचे असते. शेजारी दुसऱ्या विमानाचे रन-अप (जमिनीवर इंजिन चालवून केलेली चाचणी) सुरू असेल तर आम्ही सरळ थांबतो. आमच्या नोंदवहीत आकड्याशेजारी ‘आवाज कुठे’ असा रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर मी सही करत नाही.