अप ४ सेकंड्स

काल रात्री माय म्हणली, "ते तुझं डबडं बंद कर की बाबा, कूलरपेक्षा जास्त ओरडायलंय." परभणीत एप्रिलात कोण ओरडत नाही म्हणून सोडून देणार होतो, पण टीव्हीमागं हात लावला तर घरचा सर्व्हर म्हणून चालू ठेवलेला लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला.

कोणता प्रोग्राम किती खातो ते दाखवणारं एचटॉप लावलं. लोड, म्हणजे कामाचा भार, चारच्या वर, तो पेलणारे प्रोसेसरचे कोर आहेत दोन. वरची प्रोसेस दिसते न दिसते तोच गायब, परत येते तर पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, नवा. माझा संशय सरळ फोटो सांभाळणाऱ्या इमिचवर, लग्नाचे एवढे फोटो टाकलेत तर चेहरे ओळखत बसलं असेल. बंद केलं. मग सिनेमे दाखवणारं जेलीफिन बंद केलं. पंखा तसाच. हे सगळे प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत, म्हणजे डब्यांत, डॉकर चालवतं; कोणता डबा किती खातो ते सांगणारं डॉकर स्टॅट्स तेव्हाच मारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण आधी आळ घ्यायचा आणि मग पुरावा बघायचा ही आमच्या घरातली जुनीच रीत.

दीड वाजता दोन्ही परत चालू केले आणि कोण कधीपासून चालू आहे ते दाखवणारं डॉकर पीएस सहज मारलं. आत्ताच चालू केलेले ते दोन सोडले तर बाकी सगळ्यांपुढं अप ३ वीक्स, म्हणजे मागं लाइट गेली होती तेव्हापासून. एकापुढं अप ४ सेकंड्स. परत मारलं, १५ सेकंड्स. परत मारलं, २.

नाव बघितलं तर मोंढा.

दादांसाठी मीच केलेलं, नाव धान्यबाजाराचं. रोज सकाळी सोयाबीनचा भाव साइटवरून उचलायचा आणि त्यांच्या टेलिग्रामवर टाकायचा. साइटवाल्यांनी पान बदललं, आता माझी स्क्रिप्ट आतल्या आत अख्खं क्रोमियम ब्राउझर उघडते, वीस सेकंद त्या जुन्या तक्त्याची वाट बघते, सापडत नाही म्हणून मरते, आणि मी रीस्टार्ट ऑलवेज लिहून ठेवलेलं, की डॉकर तिला परत उठवतं. डॉकर तसं शहाणं आहे, पडणाऱ्याला उठवताना १०० मिलिसेकंदांपासून दर वेळी दुप्पट थांबतं, पार एक मिनिटापर्यंत. पण कंटेनर १० सेकंद टिकला की ते समजतं गडी बरा झाला, आणि मोजणी पहिल्यापासून. माझी तर वीस सेकंद टिकते. रीस्टार्ट काउंट ८१ हजारांच्या वर, तेही तीनच आठवड्यांतला.

ते एक असो. टेलिग्राम उघडून बघितलं तर शेवटचा मेसेज दिवाळीच्या आधीचा. म्हणजे ऐन सोयाबीन घरात आलं तेव्हाच बंद पडलं, आणि दादा एका शब्दानं बोलले नाहीत. सहा महिने. वरण आळणी झालं तर ताट सरकवणारा माणूस. झोपच लागली नाही. निदान हे एक काम घरात कुणाच्या तरी उपयोगाचं होतं असं मी धरून चाललो होतो. तेही नव्हतं म्हणायचं. ओरडायला पाहिजे होतं ना त्यांनी, नाही यायला म्हणून. का नाही ओरडले?

सकाळी चहा घेताना विचारलंच. "दादा, भावाचा मेसेज येत नव्हता, सांगितलं का नाही?"

"कोणता मेसेज?"

"सोयाबीनचा. टेलिग्रामवर."

"हां, ते. बंद पडलं व्हय?" बशीत फुंकर. "मी आडत्याला फोन लावतो की रोज."

"आणि मेसेज यायचा तेव्हा?"

"तेव्हाबी लावायचो. तुझ्या मेसेजमदला भाव बरोबर आहे का ते इचारायला."

मी बघतच राहिलो. म्हणजे त्या काळात फोन दोन मिनिटं लांबायचा, एवढाच माझा उपयोग. मग हसू आलं, चहा नाकात गेला. तसं बघितलं तर बरोबरच आहे त्यांचं, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ आणि मोंढ्यात त्याच्याही खाली मागतेत म्हणल्यावर भाव कळून करायचं तरी काय, पोती अजून मागच्या खोलीतच आहेत. आडत्याकडून भावासोबत कुणाचं लग्न जमलं, कुणाची बोअर आटली हेही कळतं. ते कोणत्या तक्त्यातून उचलणार मी?

कंटेनर थांबवला. काढून नाही टाकला, रीस्टार्ट पॉलिसी तेवढी ऑन फेल्युअर, तीन वेळा, अशी केली, म्हणजे पडला तर तीनदाच उठवायचं. लोड ०.३ वर आला, पंखा गप्प. दुपारी माय म्हणली, "आज तुझं ते बंद हाय का?" चालू आहे म्हणलं तर विश्वास बसेना.