ओहायोच्या शेतात आठ मिनिटांची दिवाळी

माझं आजोळ कवठेएकंद. सांगली-तासगावकडच्या वाचकांना एवढं पुरे. इतरांसाठी सांगते: दसऱ्याच्या रात्री या गावात सिद्धराजाची पालखी निघते आणि गावातली मंडळं आपापलं दारूकाम दाखवतात. औट, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारा दारूचा गोळा, वर गेला की मामा मोठ्याने आकडे मोजायचा. एक, दोन, तीन... मनात धरलेल्या आकड्याला फुटला की म्हणायचा, "बसला बघ बरोबर!" मी उजेडाकडे बघत असायचे, मामाचं सगळं लक्ष त्या आकड्यांत.

ओहायोत येऊन मला अकरा वर्षं झाली. २०२२ पासून इथल्या आमच्या मराठी कुटुंबांसाठी दिवाळीची आतषबाजी मी बसवते. त्याआधी इथला कायदा विचित्र होता. मोठे फटाके दुकानात मिळायचे, पण घेताना '४८ तासांच्या आत राज्याबाहेर नेईन' असं लिहून द्यावं लागायचं. १ जुलै २०२२ पासून ठरावीक सणांना ते उडवायची परवानगी मिळाली. चार जुलै, नवं वर्ष, चिनी नवं वर्ष आणि त्याच यादीत दिवाळी! परक्या देशाच्या कायद्यात आपल्या सणाचं नाव वाचून मला खरंच भरून आलं होतं. मात्र बंदी घालायची मुभा प्रत्येक गावाला आहे. आम्ही राहतो तिथे बंदी आहे, म्हणून आमचा कार्यक्रम तासाभरावरच्या एका शेतात होतो. शेत माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचं. आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात.

आपल्याकडे ज्याला बारा शॉट, तीस शॉट म्हणतात, त्याला इथे 'केक' म्हणतात. पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, आतून एकाच वातीने जोडलेल्या. वात एकदाच पेटवायची. नळ्या कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने सुटणार, हे कारखान्यात ठरलेलं असतं. बहुतेक माल चीनमधल्या लिऊयांगहून येतो. घरगुती वापराच्या एका केकमध्ये जास्तीत जास्त ५०० ग्रॅम मसाला चालतो, एका नळीत ६० ग्रॅम. नळ्या सरळ उभ्या असतील तर सगळं एकाच जागी फुटतं. पंख्यासारख्या तिरक्या असतील तर आकाश रुंद होतं. काही केकमध्ये नळ्या डावीकडून उजवीकडे एकेक करत सुटतात आणि मग उलट्या परत येतात. त्याला 'झेड' म्हणतात. मोकळ्या शेतावर झेड केक पाहिला की पेटी वाजवणाऱ्याचा हात पट्ट्यांवरून फिरताना आठवतो.

आतषबाजी बसवायची म्हणजे काय, तर असे पंधरा-वीस केक घ्यायचे आणि कोणाच्या मागे कोण, कोणाच्या सोबत कोण, हे ठरवायचं. केक उघडायचा नाही, नळी काढायची नाही, कारखान्याने जे केलंय त्याला हात लावायचा नाही. आपल्या हातात फक्त क्रम, जागा आणि वेळ. पण तेवढ्यातच इतकं काही आहे की माझ्या तीन वह्या भरल्या.

मी प्रत्येक केकचा व्हिडिओ घड्याळ लावून बघते. पहिला शॉट कितव्या सेकंदाला, एकूण किती सेकंद, मध्ये वेग कुठे बदलतो, शेवटचे शॉट एकदम सुटतात का. पाकिटावर यातलं फार थोडं छापलेलं असतं. मग चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेत सेकंद आणि उभ्या रेषेत उंची. खाली जमिनीवरून उसळणारे कारंजे, मध्ये शेपटीसारखे वर जाणारे धूमकेतू, वर फुलणारी फुलं. तिन्ही मजल्यांवर एकाच वेळी गर्दी केली तर डोळ्याला काहीच धड दिसत नाही.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली ती इथे नव्हे, रंगांच्या क्रमात. २४ ऑक्टोबर, सोमवार, लक्ष्मीपूजनाची रात्र. कामुरो नावाचा सोनेरी केक मला फार आवडतो. मोठं फूल फुलतं आणि त्याच्या सोनेरी झिरमिळ्या केसांसारख्या जमिनीच्या दिशेने सावकाश ओघळत येतात. जपानीत कामुरो म्हणजे लहान मुलांचे कापलेले केस. ते सोनं कोळशाच्या ठिणग्यांचं. गंधक, सोरा, कोळसा, म्हणजे कवठ्याच्या आकाशात होता तोच उजेड. म्हणून मी तेच आधी लावले, एकदम तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण वारा पडलेला होता आणि कोळशाचा धूर हलेना. त्यामागून निळ्या फुलांचा केक सुटला. आवाज आले, रंग दिसलाच नाही. धुरात कुठेतरी जांभळट डाग तेवढे उमटले.

निळा रंग मुळात नाजूक. तो तांब्यापासून येतो, आणि ज्वाळा थोडी जास्त तापली की तांब्याचं निळा उजेड देणारं संयुग टिकतच नाही. स्ट्रॉन्शियमचा लाल किंवा बेरियमचा हिरवा धुरातूनही वाट काढतो, निळा नाही. शिवाय झगझगीत सोनं पाहिल्यावर डोळाही दिपलेला असतो. त्या रात्री गाडीत बसल्या बसल्या मी वहीत लिहिलं: निळा पहिल्या मिनिटात, कोऱ्या आकाशात, एकटा. सोनं शेवटी. तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

दुसरा धडा वातीचा. इथल्या नियमाप्रमाणे वात पेटल्यापासून किमान ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंद जळायला हवी. माणूस सुरक्षित मागे यावा म्हणून ते योग्यच आहे, पण सहा सेकंदांच्या फरकात ठेका कसा सांभाळणार? ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणावर केक बसवायचे होते, तेव्हा आम्ही रिमोटवर चालणारी यंत्रणा घेतली. वातीला चिमटा लावायचा, त्यातली बारीक तार तापते आणि वात पेटते. कागदावर मी वातीचा वेळ वजा करून लिहिते. गेल्या वर्षी ताशाच्या एका तोडीवर पंखा केकचे पाच धूमकेतू एकदम उघडले, तेव्हा माझी दहा वर्षांची लेक ओरडली, "आई, बसलं!" तिने मामाला कधी मोजताना पाहिलेलं नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. चालू केक आडवा पडणं, हा सगळ्यात मोठा धोका. म्हणून प्रत्येक केकला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या, खाली सपाट प्लायवूड. डोळ्यांना चष्मा. केकवर कधीही वाकायचं नाही. न सुटलेल्या केकजवळ अर्धा तास जायचं नाही, मग भरपूर पाणी ओतायचं. लोक वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब. शेजारच्या फार्मवर घोडे आहेत, त्यांच्या मालकांना आम्ही आठवडाभर आधी सांगून येतो. आणि सकाळी मुलांना घेऊन कागदाचा तुकडान् तुकडा वेचतो. कवठ्याने या नादापायी माणसं गमावलेली आहेत. ते आठवलं की पिशव्या पुन्हा एकदा तपासते.

मागच्या आठवड्यात मामाला फोनवर यंदाचा कागद दाखवला.

"किती मिनिटांचं गं?"

"आठ, मामा."

"आणि शेवटाला काय?"

सात मिनिटं वीस सेकंदांपासून चार कामुरो, दोन-दोनच्या जोडीने, असं मी सांगितलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पहिली जोडी पुरती खाली येऊ दे. मग दुसरी सोड. घाई करू नगंस."

मी खोडून अकरा सेकंदांची जागा ठेवली आहे. आता सगळं अडलंय ते मक्यावर. आजोबांचं पीक अजून उभं आहे, आणि वाळलेल्या मक्याशेजारी आम्ही एक फुलबाजीसुद्धा लावणार नाही. काल त्यांचा निरोप आला: रविवारपर्यंत पाऊस नसेल तर कापणी उरकेल.