शंभर-चार

चढ संपत आला होता. तेवढ्यात डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि बघता बघता ऑईल प्रेशरचा काटा शून्यावर जाऊन पडला. ट्रक बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं. कोडबिड सगळं नंतर. काटा शून्यावर असताना ‘सेन्सर गेला असेल’ म्हणत गाडी पुढे हाकणारे मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या इंजिनाची बेअरिंगंही पाहिलीत.

पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेला लागून. खाली वाकून पाहिलं तर कुठे थेंब नाही. बंद करण्याआधी इंजिनाचा आवाजही रोजचाच होता, खडखड नव्हती. म्हणजे जीव थोडा भांड्यात, पण थोडाच.

मग रीडर काढला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आणि नऊ पिनांच्या गोल सॉकेटला लावला. स्क्रीनवर तीन ओळी आल्या:

एसपीएन १००, एफएमआय ४
एसपीएन १०२, एफएमआय ४
एसपीएन ३५०९, एफएमआय ४

आधी तिन्ही वहीत उतरवल्या. काही जण रीडर लावला की पहिल्यांदा ‘क्लिअर’ दाबतात. दिवा जातो आणि त्याबरोबर कोड कधी पडला, किती वेळा पडला हा सगळा पुरावाही जातो. चोर पकडायच्या आधी अंगण झाडून काढायचा प्रकार.

जड गाड्यांच्या कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो जागा: १०० म्हणजे ऑईल प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर, आपण ज्याला बूस्ट म्हणतो ते. एफएमआय सांगतो तिथे काय बिनसलंय. बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावरच थांबते. माझीही थांबायची. मागे एकदा हाच शंभर-चार आला होता, तेव्हा मी ‘शंभर’ एवढंच वाचून नवा सेन्सर बसवला होता. दिवा गेला, मी खूष. तो का गेला हे परवा कळलं.

शंभरला एफएमआय १ असता, तर गोष्ट वेगळी होती. १ म्हणजे मोजमाप खरं आहे आणि प्रेशर धोक्याच्या पातळीइतकं उतरलंय. तेव्हा गाडी जागेवरून हलवायची नाही. ४ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज नको तितका खाली गेलाय. तक्रार तेलाची नाही, तारेची आहे. पिकअपवाल्यांनाही हाच फरक दिसतो, फक्त कोड वेगळे: पी०५२४ म्हणजे ऑईल प्रेशर खरंच कमी, पी०५२२ म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज कमी. शेवटच्या आकड्यात दोनाचा फरक, पण एकात इंजिन जातं आणि दुसऱ्यात एक दुपार.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, “दोन्ही सेन्सर बदलून टाका, दादा.” पण दोन सेन्सर एकाच चढावर, एकाच मिनिटाला कसे जातील? आणि तिसऱ्या ओळीचं काय? ३५०९ हा कुठला सेन्सरच नाही. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरांना जो ५ व्होल्टचा सप्लाय देतो, त्याचा तो नंबर. गाडीची बॅटरी २४ व्होल्टची असली तरी हे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात, आणि एकाच सप्लायवर दोन-तीन सेन्सर टांगलेले असतात. तो सप्लाय बसला की सगळे एकदम ओरडायला लागतात.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. ऑईल प्रेशर सेन्सरचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढून सप्लायच्या पिनवर मल्टिमीटर लावला. ५ यायला हवेत, आले ०.४. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असेल तर तो काढल्यावर व्होल्टेज वर येतो, म्हणून बूस्टचाही कपलर काढला. ०.४ च. माझ्या गाडीत त्याच सप्लायवर फ्युएल प्रेशरचा सेन्सर आहे, तोही काढला. तरी ०.४. इथे खरं तर वैताग यायला हवा, पण मला बरं वाटलं. तिन्ही सेन्सर सुटले, उरली ती वायर.

मीटरच्या तारा पिनांना अडकवून ठेवल्या आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत मागे गेलो, वीतभर अंतरावर हलवून बघत. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ब्रॅकेटच्या कडेला हार्नेस जरा ओढला आणि मीटर ५.०२ वर गेला. सोडला, पुन्हा ०.४. ओढला, ५.०२. दोन-तीनदा उगाचच करून पाहिलं, मजा वाटली म्हणून.

तिथली क्लिप तुटली होती. हार्नेस ब्रॅकेटवर टेकून घासत होता. वरचं नळीदार कव्हर फाटलेलं, आतल्या एका वायरची साल उडालेली आणि नखाएवढं तांबं चमकत होतं. ते लोखंडाला टेकलं की सप्लाय थेट अर्थिंगला जातो. चढावर इंजिन जोर लावताना हलतं, तेव्हा नेमकं टेकायचं. मागच्या वेळी सेन्सर बदलताना मी हाच हार्नेस इकडेतिकडे सरकवला होता. दिवा त्यानेच गेला असणार.

वायरला सोल्डर मारलं, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), नवं कव्हर, नवी क्लिप. नुसत्या काळ्या टेपवर इंजिनाजवळ माझा भरवसा नाही, उष्णतेने तिचा डिंक वितळतो. कपलर लावले, कोड आता क्लिअर केले, स्टार्टर मारला. काटा उठून जागेवर गेला.

मग टॉर्च घेऊन बाकीच्या क्लिपाही एकेक दाबून पाहिल्या. अजून दोन सैल निघाल्या.