सणांची चित्रपुस्तकं वर्गात वापरताना

सणावरचं चित्रपुस्तक निवडताना मी आधी मजकूर हाताने झाकते. नुसत्या चित्रांवरून घरात कोण काय करतंय ते कळत नसेल, तर ते पुस्तक परत कपाटात. दिवा, रांगोळी, लाडू आणि खाली माहिती, एवढ्यावर दुसरीतली मुलं दोन मिनिटंही टिकत नाहीत.

चाळीसच्या वर्गात पुस्तक हातात धरून दाखवलं तर मागच्यांना काही दिसत नाही. बाकं सरकवून मुलांना दोन अर्धगोलांत खाली बसवते, नाहीतर स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ घेऊन प्रोजेक्टर लावते. तिथली पुस्तकं छापायचीही मुभा आहे. लेखक-चित्रकारांच्या नावांचं पान मात्र काढायचं नाही.

पहिल्या फेरीत वाचन नाही, फक्त चित्रं. मग प्रश्न. 'हा सण कोणाचा?' असं विचारलं की एकच मूल उभं राहतं आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात. 'त्या दिवशी सकाळी तुमच्या घरी काय असतं?' याला सगळ्यांकडे उत्तर असतं.

नागपुरात याचा कस दसऱ्याला लागतो. पुस्तकात रावण आणि आपट्याची पानं. वर्गातली काही मुलं मात्र पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जाऊन आलेली. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा विजयादशमीच होती. पुस्तकात ते चित्र नसेल तर मुलांकडून काढून घेऊन तिथेच क्लिपने लावायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात, त्या तान्ह्या पोळ्याला तर मी अख्खं पुस्तकच करवून घेते. ए-फोर कागदाच्या तीन घड्या घालून आठ चौकोन पाडायचे. कागद उघडून, आखूड कडा जुळवून पुन्हा दुमडायचा आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर अर्ध्यापर्यंतच कापायचं. मोकळ्या बाजूने कात्री चालवली की पुस्तक होतच नाही, आणि दरवर्षी चार-पाच जण तेच करतात. कार्डशीट नको, घडीवर फुगते. चित्रं पुस्तक दुमडल्यावरच काढायची. उघड्या कागदावर काढली तर अर्धे बैल उलटे!

मुखपृष्ठ धरून आठ पानं. त्यांत माळ्यावरून काढलेला लाकडी बैल, झूल, कोणाकडे गेलो, बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ किंवा पैसे) काय मिळाला, त्याच दिवशीची मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा. शेवटचं पान घरच्या मोठ्यांचं. ते सांगतात, मूल लिहितं. त्या पानावर लाल पेन नाही.