पाच सेंटची कागदी नोट

संग्रहातली अमेरिकन 'मिलिटरी पेमेंट सर्टिफिकेट्स' आज दिवसभर नव्या अल्बममध्ये लावत होतो, आणि व्हिएतनाममध्ये चाललेल्या ६४१ मालिकेतल्या पाच सेंटच्या नोटेपाशीच निम्मा दिवस गेला. परदेशी तळांवरील सैनिकांचे डॉलर काळ्या बाजारात जाऊ नयेत म्हणून १९४६ ते १९७३ या काळात ही कागदी चलने वापरात होती. नाण्यांच्या जागीही कागदच असे. मालिका बदलण्याचा दिवस गुप्त ठेवला जाई, त्या दिवशी सैनिकांना तळाबाहेर सोडत नसत, आणि मुदत संपताच जुन्या नोटा कवडीमोल होत. बाहेरच्या ज्या दुकानदारांनी या नोटा नियमाविरुद्ध स्वीकारलेल्या असत, त्यांच्या हाती नुसता कागद उरे.

माझी नोट चार घड्यांची, कडेला तपकिरी डाग पडलेली आहे. भिंगाखाली क्रमांक पाहताना लक्षात आले की त्याच्या शेवटी अक्षरच नाही, म्हणजे ही छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट आहे. इतकी वर्षे मी ती (कबूल करायला लाज वाटते) दुय्यम नोटांच्या पाकिटात ठेवली होती! डाग मात्र मी पुसणार नाही. धुतलेली नोट मला कधीच पटलेली नाही.