तांबडी अपडेट ७ : डावी लिंक आणि तो काळा रंग

मंडळी, खटखट परत आली. मागच्या वेळी लई थाटात लिहिलं होतं ना, की लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या हाताचे रबर) झाले, दोन्ही लिंक रॉड (बॅलन्स रॉडचं टोक शॉकरला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) नव्या टाकल्या, खालून गंज लागू नये म्हणून काळं कोटिंग मारलं, आता तांबडी पाच वर्षं तोंड उघडत नाही म्हणून. चार महिने पण नाही झाले. (नवीन लोकांसाठी: २००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, १ लाख ४२ हजार चाललेली, मुक्काम परभणी.) डाव्या पुढच्या चाकापासून टक् टक् यायलीय, आणि ते पण फक्त २०-२५ च्या स्पीडला, ८० ला एकदम शहाण्यासारखी गप्प.

लिंकच आहे हे आमच्या गल्लीनंच सांगितलं. पाइपलाइनसाठी रस्ता तिरपा खोदून बुजवलाय, म्हणजे आधी डावं चाक चरीत उतरतं मग उजवं, तिथं हमखास आवाज. पण पुढं शाळेजवळच्या ब्रेकरवर सरळ घातली की काही नाही. दोन्ही चाकं बरोबर वर-खाली झाली तर बॅलन्स रॉड (डाव्या-उजव्या बाजूला जोडणारा आडवा दांडा) डी-बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरात, नुसता फिरतो, पीळ पडत नाही, लिंकवर जोरच येत नाही. एकच चाक उतरलं की पीळ पडतो आणि सगळा जोर लिंकवर. शॉकर माउंटिंग गेलं असतं तर ती ब्रेकरवर पण ओरडली असती.

तरी मी गाढवपणा केलाच. डावी बाजू जॅकवर घेतली, लिंक धरून हलवली, दगडासारखी घट्ट! एक तास लोअर आर्म, टाय रॉड एंड तपासत बसलो. मग डोक्यात उजेड पडला की एकच चाक लटकलेलं असलं की रॉडला पीळ बसलेला असतो, लिंक ताणलेली राहते, ढिलाई असली तरी हाताला लागणारच नाही. गाडी खाली घेतली, स्टेअरिंग पूर्ण वळवलं, पोराला बाजूनं गाडी हलवायला लावली आणि लिंकच्या वरच्या नटवर बोट ठेवलं. टिक. टिक. सापडली.

पहिला राग लिंकवाल्यावर निघाला. ऑनलाइन मागवलेल्या, स्वस्तातल्या, नाव घेत नाही. मनात त्याला लई शिव्या दिल्या.

आता खोलायची गोष्ट ऐका. दोन्ही चाकं वर, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), मागं दगड. खालचा नट, म्हणजे रॉडकडचा, दोन मिनिटांत आला. वरचा, शॉकरच्या ब्रॅकेटवरचा, त्यानं रविवार खाल्ला. नट फिरवला की आतला स्टड (लिंकचा आट्यांचा बोल्ट) पण सोबत फिरतो. स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीसाठी खाच असते, ती मीच मारलेल्या कोटिंगनं बुजलेली. टोकदार खिळ्यानं उकरली, अ‍ॅलन की बसवली, जोर दिला आणि खाच चॉकलेटसारखी गोल झाली. मग रबरचा बूट कापून मागून ग्रिप प्लायर लावला, ग्रीसवरून सटकला, बोटाची साल गेली. जरा मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवला तर पाव फेरा निघाला आणि तो पण सुटला. शेवटी ग्रायंडर. ब्रेकच्या होजवर आणि एक्सलच्या बूटवर ओलं पोतं बांधलं, नटची एक बाजू कापत आणली आणि अर्ध्यात लाइट गेली. पाऊण तास चहा. आली तेव्हा उरलेलं कापलं, छिन्नी घालून एक हाणली आणि नट फुटला. त्या आवाजाचं सुख काय सांगू, शेजारचे काका बाहेर येऊन बघून गेले.

आणि इथं माझा पोपट झाला. काढलेली लिंक व्हाइसमध्ये धरून तिच्या टोकातला बॉल (फिरता सांधा) हलवला, तर बॉल ठणठणीत. जरासुद्धा ढिलाई नाही. मग टिक टिक कुठून? ब्रॅकेट बघितलं. स्टडचा खांदा जिथं टेकतो तिथं माझं काळं कोटिंग, पापडासारखा थर, मधून पिचून बाहेर आलेला, आणि त्याच्या आतला पत्रा घासून चकचकीत. म्हणजे मी आधी ब्रश मारला, मग त्याच्यावर लिंक कसली. नट लोखंडावर बसलाच नव्हता, रबरासारख्या थरावर बसला होता. तो थर दबत गेला, पकड गेली, आणि लिंक चार महिने ब्रॅकेटवर हातोडी मारत राहिली. भोक जरासं लांबट पण झालंय. तर लिंकवाल्या भावा, तुझी माफी. अर्धीच. ती खाच मऊ होती ते होतीच.

लांबट भोकासाठी माझा प्लॅन होता की जाड वॉशर वेल्ड करून टाकू. आमच्या कोपऱ्यावरच्या चाचांना विचारलं तर त्यांनी विडी पण काढली नाही तोंडातून, "शॉकर पे वेल्डिंग नक्को करो, अंदर तेल रहता." बरोबर आहे, आत तेल, वर सील, गरम झालं की सील जातंच आणि नशीब फुटकं असलं तर आणखी काही. मग लेथवर पातळ बुश बनवून घ्यावा असं ठरवलं, पण मोजायला गेलो तर डावा शॉकर त्याच्या आत-बाहेर होणाऱ्या दांड्याजवळ तेलानं ओलसर दिसायलाय. म्हणजे शॉकर तसेही जाणार. जाऊ दे बुश. दिवाळीनंतर दोन्ही शॉकर जोडीनं टाकतो, कंपनीचे, ह्यात काटकसर नाही करायची मला.

तोवर: ब्रॅकेट पॉलिश पेपरनं पत्र्यापर्यंत साफ, नवी लिंक कंपनीची, नवा नायलॉक नट (जुना एकदा काढला की फेका, त्यातलं नायलॉन पकडत नाही), दोन्ही चाकं बरोबर हवेत असताना टॉर्क रेंचनं (ठरलेला जोर आला की क्लिक करणारा पाना) मॅन्युअलच्या आकड्यावर कसली. रंग सगळं कसून झाल्यावर बाहेरून. आणि दोन्ही बाजूंच्या नटवर बायकोच्या नेलपॉलिशनं रेघ मारली, हलली तर कळेल. उजवी खोललीच नाही, तिचा आवाज नाही. जिंतूर रोडला १८० किलोमीटर झाले, काळ्या मातीनं वर-खाली केलेला रस्ता, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते त्यामुळं लाटा लाटाच, तरी गप्प. चरीत पण गप्प. मी मुद्दाम दोनदा वळवून आणली.

रेघा सकाळीच बघितल्या, दोन्ही जागच्या जागी.

थांबा जरा. हे लिहिता लिहिता लक्षात आलं, रेघ नट फिरला का तेवढंच सांगते. माझा नट फिरला कुठं होता? थर दबून पकड गेली होती, नट तिथंच. आणि उजव्या बाजूला तेच कोटिंग, तोच शहाणा ब्रश, अजून तसंच आहे. टॉर्क रेंच घेऊन खाली जाऊन येतो.

आलो. डावी: रेंच लावला, न हलता क्लिक. उजवी: क्लिक यायच्या आधी नट जवळजवळ पाव फेरा फिरला.

शनिवारी घोड्या परत बाहेर. ग्रायंडरची डिस्क उद्याच आणून ठेवतो, आणि यावेळी खाचेत खिळा घालायच्या आधी थिनरचा बोळा.